चिमणीच्या खालची जागा

चिमणीच्या शेपटीतलं शेवटचं पीस बुधवारी सकाळी गेलं, आणि हेडसाहेबांनी रीतसर चौकशी सुरू करायचं ठरवलं.

चिमणी म्हणजे कोंबडीच. परसातल्या सहा जणींत सगळ्यांत लहान, अंगावर ठिपके, आणि चालताना सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारखी मान. बाकी पाच जणींना नावं हेडसाहेबांनीच दिली होती. काळी, रुंद, लालभडक तुऱ्याची ती अध्यक्षीण. दाण्याच्या भांड्यात दोन्ही पाय रोवून उभी राहणारी ती खजिनदार. एकाच तांबूस रंगाच्या आणि दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या दोघी म्हणजे थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. आणि पांढरीशुभ्र, अर्धे डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती सोज्वळ.

हेडसाहेब स्वतः एकतीस वर्षं अभिलेख कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन सात महिने झाले होते. म्हणजे सात महिने त्यांच्या हाताखाली कोंबड्यांखेरीज कुणीही नव्हतं. कोंबड्यांनाही ही गोष्ट कुणी कळवलेली नव्हती.

"अहो, इकडे या आधी," बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. चिमणी तिच्या मांडीवर बसली होती. पाठीवर बाटलीच्या बुचाएवढा भाग सोलवटून लाल झाला होता. "हे बघा. आणि म्हणे तुम्ही लक्ष ठेवता!"

"लक्ष आहेच. पण लेखी तक्रार कुठे आहे?"

"तिला लिहिता येत नाही, म्हणून ती मरू दे का? ऐकून ठेवा. या घरात माझं पूर्ण बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेणारी ही एकच आहे, आणि वर अंडंही देते. हिला काही झालं, तर त्याच दिवशी बाकीच्या पाच जणी घराबाहेर. त्यांच्यामागून कोण जाईल ते मी आत्ता बोलत नाही."

हेडसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. घरात तिसरं माणूस नव्हतं.

ते चिमणीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर दमलेले होते. समोर एक बकरी त्यांचं पॅड खात होती आणि त्यांनी तिला अडवायचं केव्हाच सोडून दिलं होतं. "कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतातच," डॉक्टर म्हणाले. "हे निळं औषध लावा. जखम झाकली जाईल. थोडंच लावा हं."

आता थोडं म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि हेडसाहेबांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणतीच शाई थोडी वापरली नव्हती. त्यांनी बाटली उपडी केली. चिमणीने त्याच क्षणी, जन्मात प्रथमच, पंख पूर्ण उघडून फडफडवले. त्यानंतर चिमणी निळी होती, हेडसाहेब कपाळापासून बेंबीपर्यंत निळे होते, दोरीवरचे उशीचे अभ्रे निळे होते, आणि कुंपणापलीकडे पेपर वाचत बसलेल्या शेजारच्या फौजदारांच्या पेपराचं शेवटचं पान निळं होतं. औषध पक्कं होतं. हेडसाहेब पुढचे तीन आठवडे निळे होते, आणि गल्लीत लोक त्यांना तब्येत विचारायला लागले होते.

हेही चाललं असतं. पण निळी चिमणी खुराड्यात सोडल्याबरोबर पाचही जणींनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही कोण नवीन? आजवर तिला ओळखीतली म्हणून टोचत होत्या. आता परकी म्हणून टोचायला लागल्या. परकीला जास्त टोचायचं असतं, असा त्यांच्यात नियम असावा.

तेव्हा चौकशी. हेडसाहेबांनी जुन्या वहीत रकाने आखले: वेळ, टोचणारी, टोचून घेणारी, शेरा. जाळीबाहेर स्टूल टाकून ते बसले. पहिल्या अर्ध्या तासात सत्तेचाळीस प्रकरणं घडली. अध्यक्षीण खजिनदारला टोचे, खजिनदार थोरलीला, थोरली धाकटीला, धाकटी सोज्वळला. आणि तेवढ्यात अध्यक्षीण पुन्हा वरून सुरुवात करी. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पहिल्यांदा 'अशोभनीय' लिहिलं, मग नुसतं 'अशो.', मग खाली खाली 'वरीलप्रमाणे', आणि मग हात दुखायला लागला म्हणून काहीच नाही.

"अहो हेडसाहेब," कुंपणावरून फौजदार म्हणाले. फौजदारही निवृत्तच, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता. "हे वहीबिहीचं काम नाही. मुख्य आरोपी उचला आणि आत टाका. बाकीचे आपोआप सरळ होतात. माझी सारी उमर गेली यात."

"पण मुख्य आरोपी कोण, हेच तर..."

"आवाज कुणाचा जास्त?"

हेडसाहेबांना हे लगेच पटलं. कचेरीतही त्यांनी सगळ्या चौकशा याच तत्त्वावर निकाली काढल्या होत्या. जो ओरडतो तो दोषी. एकतीस वर्षांत एकदाही निकाल फिरला नव्हता, कारण फिरवायचा असेल तर ओरडावं लागलं असतं. आणि आवाज तर अध्यक्षिणीचाच. सात दिवसांचं निलंबन झालं, आणि कोंडून ठेवायला कडी असलेली जागा घरात एकच असल्यामुळे अध्यक्षिणीची रवानगी बाथरूममध्ये झाली.

"मी अंघोळ करताना ती टबाच्या काठावर बसून माझ्याकडे बघते," बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली. "सासूबाई बघायच्या तश्शी. पाणी जास्त घेतलं की घशातून आवाज काढते."

"सात दिवस सोस."

"सात दिवस! सासूबाईंची सोळा वर्षं सोसली, त्यात हे सात कुठे जड होतायत. पण आवाज मात्र हिचा जास्त आहे."

खुराड्यात शांतता पसरेल, अशी हेडसाहेबांची समजूत होती. कारण साधं होतं: साहेब रजेवर गेला की कचेरीत शांतता असते. पण ही शांतता साहेबांच्या रिकाम्या दालनात बसून ऐकायची असते, हे ते विसरले होते. अध्यक्षीण गेल्यावर तासाभरात खुराड्यात सत्तेसाठी जे काही सुरू झालं, त्यात पिसांचा असा पाऊस पडला की फौजदारांच्या गच्चीवर उशी भरता आली असती. अध्यक्षीण टोचत होती खरी, पण एकदाच, वरच्यावर, आणि मग आपल्या कामाला जात होती. खजिनदारला सत्ता नवी होती. तिने दाण्याचं भांडं, पाण्याचं भांडं आणि सावली तिन्ही ताब्यात घेतली.

खजिनदारला जिन्याखाली टाकलं. मग थोरली जाऊ बिथरली. तिला धुण्याच्या उपड्या टोपलीखाली व्हरांड्यात ठेवलं. मग धाकटीला उत्साह आला, कारण थोरली जाऊ नसल्याचा आनंद तिला कशात तरी ओतायचा होता. तिला स्कूटरच्या शेडमध्ये बंद केलं. शुक्रवारी दुपारी हेडसाहेब बँकेत जायला निघाले, घाईत हेल्मेट डोक्यावर घातलं, आणि धाकटी जाऊने अंडं कुठे घातलं, हे त्यांना अतिशय जवळून कळलं. बँकेतल्या कॅशियरने विचारलं, "साहेब, कपाळावरून ओघळतंय ते काय?" हेडसाहेब म्हणाले, "घाम." कॅशियर बराच वेळ तो पिवळा घाम आणि त्याखालचा निळा रंग पाहत राहिला, आणि मग त्याने पैसे दोनदा मोजले.

पण एकूण हेडसाहेब समाधानी होते. चार आरोपी चार ठिकाणी. खुराड्यात उरल्या चिमणी आणि सोज्वळ. म्हणजे आता धोका नाही. त्यांनी वही मिटली, आरामखुर्ची ओढली, आणि आठवड्यातली पहिली डुलकी काढली.

बायकोच्या किंचाळीने ते जागे झाले. चिमणी जाळीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून बसली होती. निळ्या पाठीवरून रक्त ओघळत होतं. आणि तिच्या पाठीवर उभी राहून, अर्धे डोळे मिटून, एका तालात, जराही आवाज न करता टोचत होती ती सोज्वळ.

"ही?" हेडसाहेब म्हणाले.

"आत्ता पण लेखी तक्रार हवीय?" बायकोने चिमणीला पदरात घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. हेडसाहेबांनी वही तिथेच टाकली आणि ते डॉक्टरांना आणायला निघाले.

डॉक्टर या वेळी घरी आले. त्यांनी जखम पाहिली. मग म्हणाले, "नेहमी असंच असतं. वरची असते ती फारशी मारत नाही, तिला गरजच नसते. जिच्या खाली एकच उरलेली असते ना, ती दिवसभराचं सगळं साठवते आणि त्या एकीवर काढते. सोज्वळला हलवलंत तर धाकटी तेच करेल. यात स्वभावाचा प्रश्न नाही हो, जागेचा आहे. आणि ऐका, आणखी एक जखम हिला सोसणार नाही."

चिमणीची सोय स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या खोक्यात झाली. खुराड्यात एकटी सोज्वळ. सहा कोंबड्या, सहा जागा. आणि सहाही जणी एकटेपणाने एकमेकींना हाका मारू लागल्या. बाथरूममधून अध्यक्षीण, जिन्याखालून खजिनदार, व्हरांड्यातून थोरली, शेडमधून धाकटी. भिंतींमधून घर ओरडत असल्यासारखं वाटे. शनिवारी सकाळी फौजदारांनी पालिकेत तक्रार दिली. त्याची पोच घेतल्यावर ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर मीही माझ्याविरुद्ध तक्रार दिली असती."

दुपारीच पालिकेचा निरीक्षक आला. हेडसाहेबांनी दार उघडलं, आणि निळं कपाळ हाताने झाकलं. हा त्यांच्याच कचेरीतला जुना कारकून. एकदा त्याने आईच्या आजारपणासाठी रजेचा अर्ज दिला होता आणि हेडसाहेबांनी तो समास अपुरा म्हणून चार वेळा परत केला होता. पाचव्या वेळी अर्ज मंजूर झाला, पण तोवर आई बरी झाली होती. तो नंतर पालिकेत गेला, तिथे चढत गेला, आणि आता त्याच्या खिशाला दोन पेनं होती.

"नमस्कार साहेब. बसा ना," निरीक्षक म्हणाला.

"हे माझं घर आहे," हेडसाहेब म्हणाले, आणि बसले.

निरीक्षकाने सगळं घर नम्रपणे पाहिलं. बाथरूमच्या दारावर टकटक करून आत गेला. अध्यक्षिणीला पाहून त्याने टोपी काढली. मग परत येऊन त्याने कागद उलगडला.

"साहेब, सहापर्यंत पक्षी आणि एक खुराडं, तर घरगुती. परवाना लागत नाही. एकापेक्षा जास्त खुराडी झाली की व्यवसाय. तुमच्याकडे सहा आहेत. म्हणजे एक मुख्य कार्यालय आणि पाच शाखा."

"बाथरूम खुराडं कसं होईल?"

"व्याख्या आहे, साहेब. 'पक्षी जेथे सलग राहतो ती जागा.' व्याख्या आधी वाचावी, हे तुमच्याकडूनच शिकलो मी. बाथरूमला तुम्ही तसा वापर बदलून घेतलाच आहे. तेव्हा तिथे अंघोळ करायची असेल तर वेगळा अर्ज करावा लागेल."

हेडसाहेबांनी मुदतीचा अर्ज तिथल्या तिथे लिहून दिला. निरीक्षकाने तो उन्हात धरून पाहिला. आवाज न चढवता, अगदी प्रेमाने म्हणाला, "समास दीड बोटं आहे, साहेब. दोन हवा." हेडसाहेबांनी पुन्हा लिहिला. "आता दिनांक डावीकडे आलाय." त्यांनी पुन्हा लिहिला. बायको दारात उभी राहून पाहत होती, आणि नवऱ्याच्या मानेवरचा निळा रंग हळूहळू जांभळा होताना तिला दिसत होता. तिसऱ्या अर्जाला निरीक्षकाने शिक्का मारला.

"मंगळवार सकाळपर्यंत. सहाही पक्षी एका खुराड्यात, आणि एकही नवी जखम नको. तसं नसेल तर पालिकेची गाडी सगळ्यांना घेऊन जाईल. चिमणीलाही, वहिनी. माझ्या हातात नाही." आणि जाता जाता तो दारात थांबला. "आई मजेत आहे, साहेब. तुमची आठवण काढते."

निरीक्षक गेला. बायको आत गेली, आणि खोक्यातल्या चिमणीला किती तरी वेळ काहीतरी सांगत राहिली. हेडसाहेबांनी कान दिला, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी खुराडं नव्याने मांडलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून काठ्या हलवल्या, लपायला दोन फळ्या तिरक्या टेकवल्या, टोचण्याची हौस फिटावी म्हणून दोन कोबी दोऱ्यांनी टांगले. मग एकेका शाखेतून एकेक कोंबडी आणून आत सोडली. शेवटी बायकोने चिमणीला त्यांच्या हातात दिलं. "सांभाळा हो," एवढंच म्हणाली. तिचा आवाज एवढा खाली गेलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

हेडसाहेब स्टूल आणि छत्री घेऊन स्वतः खुराड्यात शिरले. बंदोबस्त प्रत्यक्ष हजर राहूनच होतो. दोनच मिनिटांत अध्यक्षिणीला आपली खुर्ची परत हवी होती आणि खजिनदारला ती द्यायची नव्हती. थोरली आणि धाकटी भेटीच्या आनंदाने एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. चिमणी फळीमागे गेली आणि सोज्वळ, डोळे अर्धे मिटून, शांतपणे फळीच्या दिशेने निघाली. हेडसाहेबांनी छत्री उघडली. छत्री पाहून सगळ्या एकदम उडाल्या, एक कोबी हेडसाहेबांच्या कानशिलावर बसला, स्टुलाचा पाय भुसभुशीत मातीत रुतला, आणि हेडसाहेब चष्म्यासकट, छत्रीसकट, आडवे झाले.

सगळं शांत झालं.

मग अध्यक्षीण आली. ती त्यांच्या छातीवर चढली, शर्टाचं दुसरं बटण तपासलं, आणि एकदाच, वरच्यावर, टोचलं. खाली उतरली. मग खजिनदार आली. तिने खिशाला टोचलं. थोरलीने कोपराला, धाकटीने कोपरालाच, पण थोरलीपेक्षा जोरात. हेडसाहेब हलले नाहीत. हलायची ताकदच नव्हती, आणि खरं सांगायचं तर आठवडाभरात त्यांच्याशी इतक्या सरळपणे कुणी वागलं नव्हतं. सोज्वळ फळीकडे जाता जाता थांबली. तिने विचार केला, वळली, आणि चपलेतून बाहेर आलेल्या त्यांच्या टाचेवर तालात काम सुरू केलं.

आणि मग फळीमागून चिमणी आली. मान तशीच, माफी मागणारी. ती त्यांच्या अंगठ्यापाशी उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणी तिला हटकलं नाही. तिने अंगठ्याला टोचलं. मग एक पाऊल मागे जाऊन थांबली, आता आभाळ कोसळेल म्हणून. ते काही कोसळलं नाही. चिमणीची मान सरळ झाली, आणि तिने पुन्हा टोचलं.

जेवायला म्हणून हेडसाहेब बाहेर आले, तर पाचव्या मिनिटाला सोज्वळ चिमणीच्या मागे लागली. ते घास टाकून परत आत जाऊन बसले. सोज्वळने चिमणीला सोडलं आणि त्यांची टाच धरली. तेव्हा त्यांना सगळं कळलं, आणि कळल्यावर ते अंधार पडेपर्यंत उठलेच नाहीत. ताट जाळीतून आत आलं. सोमवारी सकाळी उजाडताच बायकोने स्टूल आत मांडून ठेवलं होतं, पण त्यांनी ते बाजूला सारलं; स्टुलावर बसलं की उंची फार होते.

मंगळवारी निरीक्षक आला, तेव्हा सहा कोंबड्या ऊन खात होत्या, चिमणी भांड्यातून, खजिनदारच्या शेजारी उभी राहून, दाणे खात होती, आणि हेडसाहेब मातीत पाय पसरून बसले होते. कुंपणावर फौजदार हजर होते.

"साहेब, उठा ना. सही हवीय," निरीक्षक म्हणाला, आणि त्याच्या आवाजात या वेळी गंमत नव्हती.

"कागद जाळीतून दे," हेडसाहेब म्हणाले. "मी उठलो की हिचा नंबर परत शेवटचा लागतो."

निरीक्षकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग चिमणीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. त्याने कागदाची सुरनळी करून जाळीतून आत सरकवली.

"टोचलं का हो आज तिने?" बायकोने विचारलं.

"टोचलं."

"जोरात?"

"चांगलं रक्त काढलंय."

"माझी बाई गं ती!" बायको म्हणाली, आणि तिला एवढं हसू आलं की तिने जाळीला धरलं.

निरीक्षकाने पेन काढलं. "पक्षी किती लिहू, साहेब?"

"सात लिहा, सात," फौजदार कुंपणावरून ओरडले.

"सहाच," हेडसाहेब म्हणाले. "सहा कायम आहेत. सातवा हंगामी आहे."

चिमणी भांड्यापासून निघाली आणि त्यांच्या पायाशी आली. त्या अंगठ्याला आता फारच दुखत होतं, म्हणून हेडसाहेबांनी दुसरा पाय पुढे केला.